आपला नंबर येईपर्यंत

ओपन माइक म्हणजे नाव नोंदवून कुणीही पाच मिनिटं माइकसमोर काही सादर करायचं असा कार्यक्रम. तिथे गेलं की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की समोर बसलेल्यांत निव्वळ श्रोता असा जवळजवळ कुणी नसतो. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एखाद्या कॅफेची गच्ची, पंचवीस-तीस खुर्च्या, आणि त्यांवर बसलेल्या बहुतेकांकडे एकेक नंबर. कुणाचा तिसरा, कुणाचा अकरावा. ज्यांच्याकडे नंबर नाही ते नंबरवाल्यांचे मित्र, मैत्रिणी, क्वचित एखादी आई. ही आई लगेच ओळखू येते. तिने काही मागवलेलं नसतं, पर्स मांडीवर घट्ट धरलेली असते, आणि पोरगं माइकसमोर उभं राहिलं की ती त्याच्याकडे न बघता आजूबाजूच्यांच्या चेहऱ्यांकडे बघत राहते.

अशा मंडळींसमोर गायचं म्हणजे गंमतच असते. समोरचा ऐकत असतो, नाही असं नाही, पण त्याच्या डोक्यात त्याची स्वतःची पहिली ओळ चाललेली असते. ओठ हलताना दिसतात. पाचवा गात असतो तेव्हा सहावा फोन कानाला लावून आपल्या गाण्याचा सूर परत ऐकत असतो आणि सातवा टॉयलेटच्या रांगेत असतो. ज्याचं एकदाचं होऊन गेलंय तोच काय तो मोकळा. सगळ्यात दिलखुलास दाद त्याच्याकडून येते. म्हणून मला शेवटाकडचा नंबर आवडतो. पहिल्या तिघांच्या वाट्याला धास्तावलेले कान येतात, शेवटच्या तिघांच्या वाट्याला सैलावलेले. अर्थात ते कान तोवर जागेवर असले तर.

बहुतेकदा नसतात. आपलं झालं की उठायचं, हा ओपन माइकचा जुना रोग आहे. 'उद्या पंचवटी पकडायचीय' हे नाशिकमधलं त्याचं ठरलेलं निमित्त. पहाटे उठून या रेल्वेगाडीने मुंबई गाठणारे या शहरात पुष्कळ आहेत हे मान्य, पण शनिवारी रात्री साडेआठला एवढ्या जणांना रविवारची पंचवटी पकडायची असेल यावर माझा विश्वास नाही. एकाबरोबर त्याचे चार मित्र जातात, आणि पुढच्याने तोंड उघडायच्या आत एक अख्खं टेबल रिकामं होतं. कुठे कुठे यावर उपाय म्हणून चिठ्ठ्या टाकून नंबर काढतात. कुठे नावं आयत्या वेळीच पुकारतात, म्हणजे कुणाला घड्याळ लावून उठता येत नाही. आमच्याकडे सूत्रसंचालन करणारी मुलगी याहून कडक आहे. मध्येच उठून गेलेल्यांची नावं ती लक्षात ठेवते आणि पुढच्या महिन्यात त्यांना पहिला नंबर देते. काहीजणांना हे शाळेसारखं वाटतं. मी पूर्णपणे तिच्या बाजूने आहे.

बाकी व्यवस्था साधी असते. इन्स्टाग्रामवर नाहीतर व्हॉट्सॲपवर फॉर्म येतो. शंभर-दोनशे रुपये भरायचे, त्यात बहुतेक ठिकाणी एक कॉफी. प्रत्येकाला पाच मिनिटं, कुणी उदार असेल तर सहा. कविता सगळ्यात जास्त. कुसुमाग्रजांचं गाव असल्यामुळे त्याबद्दल तक्रार करण्याची सोय नाही. मग गाणी, मग स्टँड-अपवाले. त्यांची मला खरोखर दया येते, कारण गाणं पडलं तरी निदान टाळी मिळते. विनोद पडला की काहीच मिळत नाही, आणि पुढची चार मिनिटं शिल्लक असतात.

मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. दिवसभर गेज लावून पार्ट पास-नापास करायचे हे काम. लहानपणी गाण्याच्या क्लासला जाऊन मध्यमापर्यंतच्या परीक्षा दिल्या, दहावीचं वर्ष आलं आणि पेटी कपाटावर गेली. ही कथा महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांत सापडेल, म्हणून लांबवत नाही. चाळिशी उलटल्यावर गिटार घेतली, कारण ती पाठीला अडकवून मोटारसायकलवर नेता येते. पेटी नेता येत नाही. कलेतले बरेच मोठे निर्णय अशाच कारणांनी होतात असा मला संशय आहे.

पाच मिनिटं म्हणजे किती, हे मी तिथेच शिकलो. जुनं भावगीत ध्वनिमुद्रिकेवर तीन-साडेतीन मिनिटांचं असतं, कारण अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तेवढंच मावायचं. वाटतं, बसतंय की आरामात. पण तुमचा वेळ सुरू होतो तो नाव पुकारल्यापासून. खुर्च्यांमधून वाट काढत पुढे जायचं, आधीच्या कवीने उंच करून ठेवलेला स्टँड खाली आणायचा, गिटारची पिन लावायची (ती लावताना स्पीकरमधून 'भक्क' असा आवाज येतो आणि सगळे दचकतात), सूर बघायचा, 'नमस्कार' म्हणायचं. दीड मिनिट गेलं. उरल्या वेळात मुखडा आणि दोन अंतरे. आलाप नाही, गाण्याची जन्मकथा नाही, 'आज जरा घसा बसलाय' तर नाहीच नाही. हे शेवटचं वाक्य जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. सगळ्या नाशिकचा घसा महिन्यातल्या एका शनिवारी बसतो.

हे कोंबून बसवणं मला मानवलं. घरी रियाजाला बसलो की एका जागेवर अर्धा तास घोळत राहायची सवय होती. इथे ठरवावं लागतं की या गाण्यात कुठली जागा सोडून चालणार नाही, आणि ती येईपर्यंत श्रोत्यांना धरून ठेवायचं कसं. पहिली ओळ जर बोलण्याच्या गलबल्यात बुडाली तर पुढचं सगळं बुडतं. म्हणून अनुभवी माणसं पहिली ओळ वाद्याशिवाय म्हणतात. नुसता गळा ऐकू आला की लोक गप्प होतात, का कोण जाणे. गिटार वाजायला लागली की मात्र पार्श्वसंगीत सुरू झालं असं समजून कॉफी ढवळतात.

मग तो माइक. आमच्या पिढीच्या क्लासमध्ये माइक नावाची वस्तूच नव्हती. गुरुजी समोर बसायचे, आवाज त्यांच्यापर्यंत पोचला की झालं. त्यामुळे आमच्यातले बरेच जण माइकसमोर उभे राहतात ते लग्नात आहेर घ्यायला उभं राहिल्यासारखे, हातभर लांब. कॅफेत असतो तो माइक बहुधा शुअर कंपनीचा एसएम ५८ नाहीतर त्याची नक्कल. हे मॉडेल १९६६ सालचं आहे आणि अजूनही जगभरच्या लहान-मोठ्या रंगमंचांवर तेच दिसतं. त्याची रचना अशी, की समोरून जवळ आलेला आवाज तो नीट पकडतो आणि मागून, बाजूने येणारा बराचसा सोडून देतो. ओठ जाळीच्या दोन-तीन बोटांवर हवेत. त्याहून जवळ गेलात तर आवाजातला खर्ज फुगतो. बारीक आवाजाच्या माणसाला ते बरं वाटतं आणि आधीच जाड आवाजाच्या माणसाचे शब्द कळेनासे होतात. तार सप्तकात जाताना तोंड थोडं मागे न्यायचं. आणि काही झालं तरी जाळी मुठीत धरायची नाही. रॅपवाली पोरं धरतात, दिसायला झोकदार दिसतं, पण जाळी झाकली की माइकचं ते निवडक ऐकणं संपतं, तो सगळीकडचं ऐकायला लागतो. मग स्पीकरमधून आलेला आवाज पुन्हा माइकमध्ये, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये, आणि शेवटी ती कानात सुई घातल्यासारखी शिट्टी. मिक्सर सांभाळणारा असा वेगळा माणूस नसतोच. काउंटरवरचा मुलगा बिल करता करता एक बटण फिरवून जातो. कॉफी यंत्राच्या वाफेचा फुस्कारा तर नेमका अंतऱ्याच्या सगळ्यात हळव्या ओळीवर येतो. त्यावर उपाय नाही. एक हुशार मुलगी काउंटरवर आधीच सांगून येते, 'दादा, माझं गाणं होईपर्यंत कॅपुचिनो नको.' तिला आमच्यापेक्षा जास्त कळतं.

डिसेंबर-जानेवारीतलं नाशिक ज्यांना माहीत आहे त्यांना एक वेगळी अडचण लगेच कळेल. इंदिरानगरहून गंगापूर रोडला मोटारसायकलवर जाताना गिटारही माझ्याबरोबर गारठते. थंडीने पोलादी तारा आकसतात, ताण वाढतो, सूर चढतो. पोचल्या पोचल्या लावून ठेवली तर आतल्या उबेत अर्ध्या तासात सूर उतरलेला असतो. म्हणून आत जाऊन आधी गिटार पिशवीतून काढून नुसती ठेवून द्यायची, चहा घ्यायचा आणि मग लावायची. पावसाळ्यात तबलेवाल्याची पाळी: हवेतल्या दमटपणाने पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, सैलावते, चाट (काठावरचा आवाज) बसकी येते, आणि तो बिचारा कवितेमागून कविता होईपर्यंत कोपऱ्यात हातोडी घेऊन टकटक करत बसतो. आणि गणपतीच्या आधीचे आठवडे आम्ही ओपन माइक ठेवतच नाही म्हटलं तरी चालेल. संध्याकाळी ढोलपथकांचे सराव सुरू असतात. नाशिक ढोलपुढे सहा तारा काय करणार?

आता भीतीबद्दल. याबद्दल लोक बरंच काही सांगतात: समोरच्यांना कोबीचे गड्डे समजा, दीर्घ श्वास घ्या, केळं खा. मला कशापेक्षाही जास्त उपयोग झाला तो झुरळांचा. रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९६९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. झुरळांना उजेडापासून पळून अंधारात जायचं असतं. काही झुरळांना सरळ वाट दिली, काहींना वळणाची. आणि कधी वाटेच्या कडेने पारदर्शक खोक्यांत इतर झुरळं बसवली, प्रेक्षक म्हणून. सरळ वाटेवरची झुरळं प्रेक्षक असताना जास्त वेगाने पळाली. वळणाच्या वाटेवरची मात्र प्रेक्षकांसमोर एकट्यापेक्षा हळू पडली. झायन्सचं म्हणणं थोडक्यात असं, की कुणी बघतंय म्हटल्यावर अंगात मुरलेली गोष्ट आणखी उठून होते आणि न मुरलेली आणखी बिघडते. माणसांबाबतीत हे सगळं इतकं सरळ नसणार. तरी ओपन माइकसाठी गाणं निवडताना मी स्वतःला एवढंच विचारतो, ही सरळ वाट आहे की वळणाची? गेल्या आठवड्यात बसवलेलं, हातात नव्यानेच आलेल्या कॉर्डचं गाणं म्हणजे वळण. ते घरी. तिकडे जायचं ते आंघोळीला पाणी काढताना, झोपेतून उठवल्यावर, ऑफिसच्या बसमध्ये आपोआप तोंडात येणारं. शिवाय छातीचे ठोके वाढले की लय चढते, आपल्याला कळतही नाही. म्हणून मी ठरवलेल्या लयीपेक्षा जरा सावकाशच उचलतो. उत्साहाने उरलेलं भरून निघतं.

गिटारवर मराठी गाणं म्हणायचं यात आणखी एक गोची आहे आणि ती मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपली जुनी गाणी रागाच्या अंगाने बांधलेली, आणि इंटरनेटवरचे कॉर्ड लिहिणारे लोक सवयीने सी, एफ, जी ही तीन घरं, म्हणजे कॉर्ड, देऊन मोकळे होतात. गाणं यमन रागातलं असेल तर त्यातला म तीव्र, म्हणजे अर्धा सूर चढा. षड्ज सी धरला तर एफच्या कॉर्डमध्ये शुद्ध म ठाण मांडून बसलेला. गळा तीव्र म म्हणतोय, हात शुद्ध म वाजवतोय, आणि श्रोत्याला नक्की काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी आंबलंय एवढं कळतं. तिथे डी मेजर धरून बघा. त्यात तीव्र म आपसूक येतो आणि गाण्याचा चेहरा परत येतो. भैरवी असेल तर षड्ज ई धरून ई मायनर आणि एफ मेजर यांच्यात झुलत राहावं. कोमल रिषभ त्या एफमध्येच असतो. मग उरतो पट्टीचा, म्हणजे षड्ज कुठे धरायचा याचा प्रश्न. पेटीवर माझी पट्टी काळी दोन, म्हणजे सप्तकातली दुसरी काळी. गिटारवर त्यासाठी सीची घरं धरून तिसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा. काळी पाचमध्ये गाणारी मुलगी असली की जीची घरं, कॅपो पुन्हा तिसऱ्यावरच. पोरं मला 'काका, स्केल कुठली?' विचारतात, मी 'काळी दोन' म्हणतो, ती गोंधळतात. मग ती 'डी शार्प' म्हणतात आणि मला मनात पेटी मांडून बोट ठेवून बघावं लागतं. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, वगैरे गिटारला जमत नाही म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन, की हे सगळे आक्षेप पेटीवरही घेतले गेले आहेत. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली होती आणि ती सैल व्हायला सत्तरचं दशक उजाडावं लागलं. दरम्यान पेटी घरोघरी वाजतच होती.

नाशिकमध्ये बसून सुमार गाण्याची बाजू घ्यायला थोडं धाडस लागतं. थोर गायक आणि गुरू विष्णु दिगंबर पलुस्करांचं हे गाव. म्हणजे जन्माने ते कुरुंदवाडचे, गांधर्व महाविद्यालय त्यांनी १९०१ साली काढलं ते लाहोरला, पण उत्तरायुष्यात ते नाशिकला आले, रामनाम आधार आश्रम इथे उभारला. त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजे डी. व्ही. पलुस्कर, १९२१ साली नाशिकलाच जन्मले आणि वयाच्या चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात गायले. चौदाव्या वर्षी! त्या वयात मी प्रवेशिकेच्या परीक्षेत ताल हातावर धरताना खाली (टाळी न देता हात फिरवायची मात्रा) बरोबर आहे ना हे परीक्षकांच्या चेहऱ्यावर शोधत होतो.

त्या परीक्षाही त्याच परंपरेतल्या. १९३१ साली विष्णु दिगंबर गेले, त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं, आणि प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंतची ती शिडी पुढे घरोघरच्या मुलांनी चढली, निदान अर्धी. दरबाराच्या आणि घराण्यांच्या उंबऱ्याआतलं गाणं कारकुनाच्या, मास्तराच्या मुलांपर्यंत पोचलं ते या खटपटीमुळे. याचं मोल मी कमी करणार नाही. मला स्वर ओळखता येतात ते त्यामुळेच. पण मोठेपणी मला जाणवत गेलं की आमच्यासारख्यांसाठी गाण्याची दोनच दारं उघडी होती. एक परीक्षेची खोली, जिथे दोन परीक्षक, एक पेटी, आणि 'एकताल दुगुनीत म्हणा.' दुसरं कालिदास कलामंदिर किंवा परशुराम साईखेडकर नाट्यगृह, तेही खुर्चीत बसायला. दिवाळी पाडव्याच्या पहाटे पिंपळपारावरची मैफल शाल पांघरून ऐकायला बसणं हे नाशिककराचं सुख आहे आणि मी ते सोडत नाही. पण ऐकून घरी आल्यावर जे काही घशात अडकलेलं असतं त्याचं करायचं काय? विशारद न झालेल्या, बैठकीच्या लायकीच्या नसलेल्या, आणि तरीही गाणं न सुटलेल्या माणसाने जायचं कुठे?

जागा होत्या. कॉलनीच्या गणपतीत एक दिवस 'स्थानिक कलाकारां'चा असायचा, कोजागिरीला गच्चीवर दूध आटेपर्यंत कुणीतरी गायचंच. गणपतीतला तो दिवस आता बहुतेक ठिकाणी ट्रॅक लावून केलेल्या नाचांचा झालाय. भजनी मंडळं मात्र ठणठणीत आहेत. पंचवटीत एकादशीला गेलात तर साठीच्या पुढच्या बायका ज्या लयीत टाळ धरतात ती लय आमच्या निम्म्या गिटारवाल्यांना झेपणार नाही. पण भजनात आपला आवाज दहा आवाजांच्या आड असतो. चुकला तरी दिंडी थांबत नाही. एकट्याने उभं राहून, आपल्या एकट्याच्या आवाजाचं काय ते होऊ द्यायचं, याला दुसरी जागा लागते.

आमच्या वयाच्या लोकांनी ती शोधली कराओकेत. हे एक स्वतंत्र जग आहे आणि पोरांना त्याचा पत्ताही नाही. निवृत्त बँकवाले, नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झालेले, शिक्षिका, डॉक्टर. व्हॉट्सॲपवर ग्रुप, महिन्याला एखादा छोटा हॉल, प्रत्येकाने वर्गणी भरायची, दोन-दोन गाणी. जुनी हिंदी गाणी, पन्नास ते सत्तरच्या दशकातली. ट्रॅक, म्हणजे गायकाचा आवाज वगळून उरलेलं संगीत, फोनवर, शब्द समोरच्या पडद्यावर. कपडे बघावेत: कोट, जरीचे काठ, गजरे. तिथेही समोर बसलेला प्रत्येक जण आपल्या नंबरची वाट बघत असतो, तिथेही आपलं झालं की काहींना तातडीने घरी जायचं असतं. म्हणजे एकाच शहरात, कधीकधी एकाच रस्त्यावर, एकाच शनिवारी दोन वेगवेगळ्या हॉलांत तेच चाललेलं असतं, आणि एकाला दुसऱ्याची खबर नाही. पोरांना वाटतं काका लोक नकला करतात. काका लोकांना वाटतं पोरांना गाता येत नाही म्हणून ती स्वतःचीच गाणी लिहितात. दोन्हींत थोडं तथ्य आहे.

लोक मला विचारतात, या ओपन माइकमधून पुढे कुणी आलं का? हा प्रश्न मला मुळातच चुकीचा वाटतो. पुढे जाणारे जातातच, त्यांना कॅफेची गच्ची अडवत नाही आणि घडवतही नाही. दोन महिने येतात, सगळे तोंडात बोट घालतात, मग ते पुण्याला नाहीतर मुंबईला. ओपन माइक चालतं ते राहिलेल्यांवर. सातपूरच्या एका कंपनीत ट्रेनी असलेला एक मुलगा पावसाळ्यापासून एकच गाणं म्हणतोय. सुरुवातीला अंतऱ्याच्या वरच्या षड्जावर तो डोळे मिटून चढायचा आणि अर्धा सूर खालीच राहायचा. दिवाळीच्या आसपास तो तिथे पोचायला लागला, पण पोचला की घाबरून लगेच उतरायचा. परवा तो वरती थांबला. दोन मात्रा थांबला असेल, पण थांबला. जगात ही गोष्ट आम्हा दहा-बारा जणांना माहीत आहे. त्याच्या घरच्यांना माहीत नसेल, कारण ते एकदाच आले होते आणि त्यांना तो तेव्हाही उत्तमच वाटला होता. एखादा माणूस थोडासा, अगदी थोडासा सुधारला हे कळायला त्याला पुन्हा पुन्हा ऐकलेले कान लागतात, आणि ते कान भाड्याने मिळत नाहीत. तो माझं ऐकतो म्हणून मी त्याचं ऐकतो, हा व्यवहार आहे, त्यात उदात्त काही नाही. पण टिकतो तो हाच.

म्हणूनच सरसकट 'वाह, क्या बात' म्हणण्याची जी पद्धत पडली आहे ती मला आवडत नाही. टाळी सगळ्यांना द्यावी, ती उभं राहिल्याबद्दल असते. 'वाह' जपून ठेवावं. त्या मुलाला परवा मी वाह म्हणालो तेव्हा त्याने चटकन वळून बघितलं, कारण याआधी मी म्हणालो नव्हतो. आणि फोन वर करून रेकॉर्ड करत बसणाऱ्यांना माझी विनंती आहे, की निदान मुखडा तरी नुसता ऐका. गाणाऱ्याला समोर चेहऱ्यांच्या जागी काळ्या काचा दिसतात.

तर गेल्या महिन्यात कराओकेच्या जगातले एक गृहस्थ आमच्याकडे आले. माझीच ओळख, रोज सकाळी फिरायला भेटणारे. इस्त्रीचा सफारी, हातात शब्दांची वही. नाव पुकारल्यावर ते माइकपाशी गेले, माइक अगदी बरोबर अंतरावर धरला (तिथे ते आम्हा सगळ्यांचे बाप निघाले) आणि काउंटरकडे बघून म्हणाले, 'ट्रॅक कुठे जोडायचा?' ट्रॅक नसतो म्हटल्यावर चेहरा पडला. तेवढ्यात कॉलेज रोडवरच्या एका क्लासात गिटार शिकवणारा मुलगा उठला, 'काका, तुम्ही सुरू करा, मी पकडतो.' काकांनी सुरू केलं. आवाज अजून तरणा, पट्टी नेमकी मूळ गाण्याचीच, एक केसभर इकडे-तिकडे नाही. इतकी वर्षं ट्रॅकबरोबर गाऊन ती गळ्यात बसलेली. पोराने दोन घरं चाचपडून तिसऱ्याला त्यांना गाठलं. मुखडा झाला आणि काका गप्प.

पोरगा वाजवत राहिला. काका उभे. विसरले की काय म्हणून कुणीतरी पुढचा शब्दही सांगितला. काकांनी हात वर करून त्याला थांबवलं. ते उजव्या हाताच्या बोटांवर मात्रा मोजत होते. त्यांच्या कानात व्हायोलिनं चालली होती, मग बासरी, मग पुन्हा व्हायोलिनं. मूळ गाण्याचं अख्खं मधलं संगीत त्यांनी उभ्या उभ्या पुरं होऊ दिलं आणि बरोबर समेला अंतरा उचलला. पोराच्या हे दुसऱ्या अंतऱ्याआधी ध्यानात आलं. या खेपेला त्याने ती रिकामी जागा भरायला घेतली, आधी बिचकत, मग चांगलीच रंगात येऊन. काकांनी मोजणं सोडलं आणि मान वळवून त्याच्याकडे बघायला लागले. आणि अंतरा उचलायची वेळ झाली तेव्हा पहिल्यांदाच ते पोराच्या मानेच्या इशाऱ्यासाठी थांबले. पाच मिनिटांची आठ झाली. आमच्या सूत्रसंचालन करणाऱ्या कडक मुलीने घड्याळाकडे बघितलंही नाही.

खाली पार्किंगमध्ये काका मला म्हणाले, 'तो वाजवत होता ते रेकॉर्डमध्ये नाहीये हो.' तक्रार होती की आश्चर्य, मला नीट कळलं नाही. पण या महिन्याचा फॉर्म उघडला तेव्हा त्यांच्या ग्रुपमधल्या चौघांची नावं पहिल्या पाच मिनिटांतच पडली होती, प्रत्येकाच्या पुढे पट्टी लिहिलेली आणि कंसात 'गिटारवाला मुलगा असेल तरच'. कवी मंडळींनी लगेच हरकत घेतली की गाणी फार झाली, कवितांना जागा कुठे उरली. गच्चीवर दहाला स्पीकर बंद करावा लागतो, २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांपुढे काव्याचंही काही चालत नाही. ग्रुपवर दोन दिवस भांडण चाललं आहे. गिटारवाल्या मुलाने मला वेगळा मेसेज पाठवलाय: 'काका, त्या चार गाण्यांत एक मारवा निघालाय. कुठली घरं धरू?'

मारवा रागात पंचम नसतो. म्हणजे तो सूर असलेली निम्मी घरं तिथेच बाद. मी गिटार घेऊन बसलोय, अजून काही सुचलेलं नाही.